२०२४ मध्ये समोर बसून ऐकलेलं गाणं: घड्याळ, मंडप आणि घरच्या बैठका

मंद्रसप्तक | ४ जानेवारी २०२५

गेल्या वर्षाची सुरुवातच वाईट झाली. ९ जानेवारीला गायक राशिद खाँ गेले, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. चार दिवसांनी, १३ तारखेला, गायिका प्रभाताई अत्रे. त्या आठवड्यात आमच्या घरी ठराव झाला की जे आज गातायत-वाजवतायत त्यांना आजच ऐकायचं, यूट्यूब कुठे पळून जात नाही. नोव्हेंबरात सारंगीचे पं. रामनारायण गेले आणि १५ डिसेंबरला, पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचा मंडप उभा राहत असताना, तबल्याचे झाकीरभाई. ठराव बरोबरच होता म्हणायचा.

तर वर्षभर आम्ही दोघं जमेल तिथे गेलो. वसंतोत्सव, मिरजेचा उरूस, मुंबईत गुणीदास संमेलन, दिवाळी पहाट, सवाई आणि मधल्या काळात पुण्यातल्या लोकांच्या घरच्या बैठका. कोण कसं गायलं याचे मार्क द्यायला हा धागा नाही. ते काम करणारी तयारीची मंडळी इथे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते असं की आपण काय ऐकतो हे हल्ली गवयाच्या मर्जीपेक्षा घड्याळ जास्त ठरवतं.

सवाईचंच घ्या. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केला तेव्हापासून किती वर्षं तो रात्र-रात्र चालायचा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद हे ठामपणे सांगितलं. सरकारला वर्षातले मोजके, जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण त्यात गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर सगळेच वाटेकरी. सवाईच्या वाट्याला शनिवार येतो. बाकीचे दिवस दहाच्या ठोक्याला भैरवी. मग वेळ भरून काढायला कार्यक्रम दुपारी सुरू होतात. रागांच्या गायच्या वेळा ठरलेल्या. परिणाम काय, तर भीमपलास, पटदीप, मुलतानी, मधुवंती या दुपारच्या रागांची चंगळ आहे. पूर्वी जेमतेम कोणाच्या वाट्याला येणारे हे राग आता रोज पहिल्या दोन कलाकारांत होऊन जातात. मुलतानी तर यंदा इतका ऐकला की बायको म्हणाली, आता घरी कोणी लावला तर बघा. उलट दरबारी, मालकंस, अडाणा हे रात्रीचे राग सगळे शनिवारच्या त्या दोन तासांत कोंबायचे. ज्याला शनिवार मिळाला नाही त्याने सव्वानऊला बागेश्री धरायचा, पावणेदहाला एक डोळा घड्याळावर ठेवून द्रुत उरकायचं. विंगेतून कोणीतरी हाताने खूण करत असतो, ती पुढच्या रांगेतून स्वच्छ दिसते.

बंद नाट्यगृहाला हा नियम तसा लागू नाही, पण तिथे सत्रांचा जाच. रात्रीचं सत्र घेतलं तरी दुपारच्या नाटकाचा सेट उतरेपर्यंत मंच मिळत नाही, साउंड चेक म्हणजे 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' एवढाच. आणि सत्र संपलं की तुमचा मध्य लयीतला तराणा कुठवर आलाय याच्याशी दिवे घालवणाऱ्याला देणं-घेणं नसतं. त्याचाही दिवस सकाळी आठला सुरू झालेला असतो, त्याला दोष नाही.

दिवाळी पहाटेची गंमत आणखी वेगळी. नियम सकाळी सहापर्यंतचा. ऑक्टोबरअखेर पुण्यात सूर्य उगवतो साडेसहाच्या सुमारास. म्हणजे मैदानावरच्या पहाटेला ललत, भटियार या पहाटेच्या रागांच्या वाट्याला सरळ हिशेबाने अर्धा तास, आणि त्यातली वीस मिनिटं दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ आणि इच्छुकांचं मनोगत. यंदा तर २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्यामुळे आमच्या भागात मंचापेक्षा बॅनर मोठा होता. ललत दहा मिनिटं झाला, मग 'आता आपल्या आवडीची नाट्यगीतं'. टाळ्या नाट्यगीतांनाच जास्त पडल्या हेही सांगितलं पाहिजे.

आता घरच्या बैठकांकडे येतो, कारण सगळी मजा तिथे आहे. ऑगस्टमधली गोष्ट. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर. सतरंजी, भिंतीला टेकायला लोड, आणि माणसं माजघरापर्यंत बसलेली. गायिका तरुण, जयपूर घराण्याची तालीम, नाव इथे मुद्दाम लिहीत नाही कारण कार्यक्रम खाजगी होता. आधी पंखे बंद करायला लावले. मग तानपुरे लावायला बसली. एका तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेची जवारी (तिचा घुमणारा नाद) काही केल्या उघडेना. तार आणि घोडी यांच्यामधला धागा पुढे-मागे सरकवून पाहिला, तर तो तुटूनच हातात आला. यजमानांच्या आईंनी आतून शिवणाचा डबा आणला. पांढरं रीळ जाड निघालं, पिवळं चाललं. तिने दोरा दुहेरी केला, एक पीळ काढला, तारेखाली घातला आणि केसाएवढा मागे घेतला, आणि त्या तानपुऱ्याचा आवाज एकदम असा सुटला की समोर बसलेले चार-पाच जण 'आहा' म्हणून गेले. गाणं अजून सुरू व्हायचं होतं! हा सगळा खटाटोप बराच वेळ चालला, पण कोणी घड्याळ पाहिलं नाही. महोत्सवात ही चैन परवडत नाही. तिथे तानपुरे मागच्या तंबूत लावून आणतात, मंचावर आल्यावर गारठ्याने उतरतात-चढतात, आणि मग नाइलाजाने इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या पेटीचा आवाज वाढवतात.

मध्यंतरात पोहे झाले. साडेअकराच्या पुढे तिने मालकंस सुरू केला. माइक नव्हता. विलंबितात ती मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतावर इतक्या बारीक आवाजात थांबायची की ऐकण्यासाठी पुढे झुकावं लागायचं. मंडपात असा सूर लावता येत नाही, लावला तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत तो 'आवाज' होऊन पोचतो. संपलं तेव्हा सव्वा वाजला होता. खालच्या मजल्यावरचे जोशी आजोबा (नाव बदललंय) तक्रार करायला नव्हे, ऐकायला जिन्यात खुर्ची टाकून बसले होते.

माझं म्हणणं एवढंच की मोठे महोत्सव हवेतच, पण रात्रीचं गाणं आता बंद दारांमागे गेलंय. ज्याला ते हवं त्याने तिथे जावं लागेल. तुमचं वर्ष कसं गेलं? मध्यरात्रीनंतरचं गाणं हल्ली कुठे मिळतं?

---

कांदाभजी

धागा आवडला. वाचनखूण साठवली. मुलतानीच्या वाक्याला बायकोच्या वतीने +१.

---

रमणबाग रिटर्न्ड

लेख चांगला आहे, पण जुन्या रात्रींबद्दल फार हळवं होऊ नका. मी न्यू इंग्लिश स्कूलच्या, म्हणजे रमणबागेच्या मैदानावरचे बरेच सवाई पाहिलेत, २०१८ ला महोत्सव मुकुंदनगरात जाईपर्यंत. शाल, कानटोपी, थर्मास, घरून आणलेला गूळ-शेंगदाण्याचा लाडू, सगळं खरं. पण रात्री तीन वाजता अर्धी भारतीय बैठक आडवी झालेली असायची आणि तबल्याच्या सुरात सूर मिसळून घोरणारे निदान चार असायचे. एखादा बिचारा कलाकार साडेतीनचा स्लॉट मिळाला म्हणून जीव तोडून गायचा आणि समोर माणसं आपापली पायताणं उशाला घेऊन झोपलेली. ती झोपायची कारण त्यांना सकाळी भीमसेन ऐकायचे असत. शेवटच्या सकाळी भीमसेनअण्णा बसले की सगळा मैदानभर ताठ उठून बसायचा. तोडी, कधी ललत, आणि उन्हं मंडपाच्या कापडातून खाली उतरायची. ते मात्र गेलं ते गेलंच. नंतर बरीच वर्षं शेवट प्रभाताईंनी सांभाळला. आता त्याही नाहीत.

रात्रीचं गाणं हवं असेल तर कुंदगोळला जा. हुबळीपासून जवळ. सवाई गंधर्वांचं गाव, नाडगीर वाड्यात पुण्यतिथीला रात्रभर बैठक असते. तिकडे कोण झोपलं तर शेजारचा कोपर मारतो.

आणि हिंमत असेल तर जानेवारीअखेर कोलकात्याला डोव्हर लेन संगीत संमेलन. १९५२ पासून चालू आहे आणि अजून पहाटेपर्यंत चालतं.

---

फेडरवाला

मी पडद्यामागचा माणूस. गेली बरीच वर्षं शास्त्रीय कार्यक्रमांचं ध्वनिसंयोजन करतोय. मंद्रसप्तक यांनी 'मंडपात सूर आवाज होऊन पोचतो' लिहिलंय, ते का होतं ते सांगतो. त्यात आमचा गुन्हा असतो, पण सगळाच नाही.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंच ते शेवटची रांग सत्तर मीटर धरली तर मागच्याला सम (तालाची पहिली मात्रा) सेकंदाच्या एक पंचमांशाने उशिरा कळते. मध्ये उभे केलेले स्पीकर म्हणून मुद्दाम तेवढ्याच उशिराने वाजवावे लागतात, नाहीतर प्रत्येक 'धा' दोनदा ऐकू येतो. पडद्यावर मात्र तबलजीचा हात आधी पडलेला दिसतो. लोक येऊन सांगतात, तुमचं चित्र पुढे पळतंय. चित्र बरोबर असतं हो, हवा हळू असते.

दुसरं, गवयाला मॉनिटरमध्ये तानपुरा भरपूर लागतो. तो वाढवला की तोच माइकमध्ये शिरतो आणि शिटी वाजायला लागते. शिटी टाळायला त्या पट्टीतला आवाज कापायचा, तर तानपुऱ्याची जान तिथेच असते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आवाजातला चढ-उतार. मंद्रातला पुटपुटल्यासारखा षड्ज आणि तार षड्जावरून कोसळणारी तान, या दोन्हींत जो फरक असतो तो खोलीत कानाला सुखावतो. मंडपात लहान आवाज शेजारच्या भेळेच्या पुडीखाली दबतो, म्हणून तो वर उचलायचा. मोठा आवाज फाटतो, म्हणून तो दाबायचा. दोन्ही केलं की सगळं एका उंचीवर येतं. तुम्हाला जे हरवल्यासारखं वाटतं ते हेच.

डग्गा फार धमधमतो ही तक्रार मला मान्य नाही. तो मी कमी करतो. तबलजी मंचावरून अंगठा वर करून पुन्हा वाढवायला लावतात. चार वेळा खूण झाली की मीही माणूस आहे.

---

मंद्रसप्तक

@फेडरवाला, दंडवत. पुढच्या वेळी पडदा पाहताना वैतागणार नाही. एक विचारतो: गारठ्याचं काय? सवाईत संध्याकाळी सातनंतर तबल्याची ठोकाठोक फारच वाढते.

---

फेडरवाला

दव. हवेत ओल आली की तबल्याच्या पुडीचं कातडं ढिलं पडतं, सूर उतरतो. मग हातोडी. वर मंचावरच्या दिव्यांची ऊब, म्हणजे बसल्यावर पुन्हा चढतो. आत-बाहेर आत-बाहेर. जाणकार तबलजी आधी येऊन जोडी दिव्याखाली ठेवून देतात.

---

नेरूळची नेहा

माझं वर्ष एकदम वेगळ्या जातीचं, तरी लिहिते. मी नोव्हेंबरात बीकेसीला दुआ लिपा, त्याआधी पुण्याला मावशीकडे राहून कोथरूडला दिलजीत. २२ सप्टेंबरला कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी घरातले सगळे फोन घेऊन बसलो, आभासी रांगेत माझ्यापुढे लाखो लोक, तरी १८ जानेवारीचं मिळालं. आता दोन आठवडे उरलेत आणि स्टेडियम घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, यालाच नशीब म्हणतात.

पण दहाचं बंधन आम्हालाही तेच आहे बरं का! म्हणून तर गेट भर दुपारी उघडतात आणि सुरुवातीचे कलाकार उन्हात गातात. एवढे दिवे, लेझर, धूर, सगळं सूर्यप्रकाशात वाया. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात रहमानचा कार्यक्रम पोलिसांनी दहा वाजता थेट मंचावर येऊन थांबवला होता, आठवतंय ना? रहमान असो की कोणी, सगळ्यांना एकच काटा.

एक प्रामाणिक निरीक्षण. माझ्या आजूबाजूच्या निम्म्या लोकांनी अख्खा कार्यक्रम फोनच्या पडद्यातून पाहिला. ते व्हिडिओ नंतर कोणीच बघत नाही, मीही नाही.

---

रमणबाग रिटर्न्ड

नेहाबाई, अगदी योग्य ठिकाणी आलात. आमच्याकडेही फोन आलेत. परवा सवाईत पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी संपूर्ण पूरिया धनाश्री उभ्या व्हिडिओत घेतला आणि मध्ये त्यांना फोन आला. रिंगटोन भूप.

---

कांदाभजी

भूपाची वेळ झाली असेल 😄

---

विलंबित एकताल

मी थोडी उलट बाजू मांडते, रागावू नका.

माझं माहेर रमणबागेच्या मागच्या गल्लीत. १९९० च्या आसपास माझी मोठी मुलगी बाळ होती आणि मी बाळंतपणाला तिथे होते. डिसेंबरात त्या रात्री आम्ही खिडक्या बंद करून, त्यावर गोधड्या टाकून बसायचो. शेजारच्या काकूंचे सासरे हृदयविकाराचे, त्यांना डॉक्टरांनी झोप सांगितलेली. उद्या सकाळी 'वा, काय दरबारी झाला' म्हणणाऱ्यांना हे कधी दिसलं नाही. मला स्वतःला गाणं जीव की प्राण आहे, मी गांधर्वच्या परीक्षा दिल्यात. तरी सांगते, दहाचा नियम झाला तेव्हा त्या गल्लीत कोणी रडलं नाही.

दुसरं, रात्री सव्वाला संपणाऱ्या बैठकीतून बाई घरी कशी जाणार? नवरा बरोबर असेल तर ठीक. मी एकटी आहे, कर्वेनगरात राहते, रात्री एक वाजता रिक्षावाला मीटरवर येत नाही. म्हणून मला दुपारचा मुलतानीच बरा. गेल्या वर्षी मी जास्तीत जास्त गाणं रविवारी सकाळी ऐकलं. सकाळच्या बैठका वाढल्यात हे कोणी लिहिलंच नाही. तोडी, जौनपुरी, देसकार, अल्हैया बिलावल, आणि एक वाजता घरी येऊन कुकर. यात काय कमी आहे?

---

मंद्रसप्तक

विलंबितताई, पटलं. सकाळच्या बैठकांचं खरंच राहिलं, मीही दोन-चारदा गेलोय. गर्दी कमी, गवयाचा आवाज मात्र दहापर्यंत उघडत नाही असं माझं मत. रात्रीच्या बैठकीनंतर सोडायची व्यवस्था यजमानांनी करायला हवी, हे पुढच्या वेळी मी स्वतः सुचवतो. आमच्या गाडीत मागे दोन जागा असतात, कर्वेनगर वाटेवर आहे.

---

शुद्ध कल्याण (पण तीव्र मत)

मला हा रागांच्या वेळेचा बाऊ कधी कळला नाही. कर्नाटक संगीतात वेळेचे संकेत आहेत, पण ते इतके कडक पाळत नाहीत. चेन्नईला डिसेंबरात दुपारी-संध्याकाळी कोणताही मोठा राग सर्रास होतो आणि लोक डोलतात. जुन्या तबकड्या स्टुडिओत भर दुपारी ध्वनिमुद्रित व्हायच्या, आपण त्या केव्हाही लावतो आणि रडतो. मालकंस दुपारी चारला गायला तर कोमल गंधार चढणार आहे का? कलाकारांनी धीटपणे गावं. दहाचा नियम राहू द्या, प्रहराचा सोडा.

---

मंद्रसप्तक

कल्याणजी, प्रहराचं शास्त्र सिद्ध करायला मी बसलोच नाहीये. तुम्ही म्हणता तसं कोणी धीटपणे गायलं तर मी पहिल्या रांगेत बसेन. माझा मुद्दा निवांतपणाचा आहे. चारला मालकंस सुरू केला तरी पाच वाजता पुढचा कलाकार हार घालून उभा असतोच ना. पाऊण तासात ख्याल कुठवर उलगडणार? घरच्या बैठकीत वेळ कोणाच्या बापाची नसते, म्हणून तिथे राग पसरतो. मध्यरात्र हा त्याचा फक्त फायदा.

---

थेम्सकाठचा पुणेकर

कल्याणजींना एक कोडं. इथे लंडनला जूनमध्ये सूर्य मावळतो सव्वानऊच्या पुढे. संधिप्रकाशाचा मारवा गायचा कधी? साडेसातला सभागृहात अंधार, बाहेर लख्ख ऊन. मध्यंतरात डोळे चोळत बाहेर आलो की वाटतं, मारवा ऐकून उठलो आणि दुपार झाली. आणि डिसेंबरात उलट, चारच्या आत काळोख. शनिवारी चारचा कार्यक्रम असला की गवई मुलतानी गातो आणि बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले. एका कलाकाराने मंचावरूनच विचारलं होतं, 'मी तुमच्या घड्याळाप्रमाणे गाऊ, की आकाशाप्रमाणे, की माझ्या पुण्याच्या पोटाप्रमाणे?' पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेनऊ होते. तिसरा पर्याय निवडला आणि रात्रीचा बिहाग गायले. खूप रंगला.

इथेही खरं गाणं घरच्या बैठकांतच. दिवाणखान्यातले सोफे बाहेर गॅरेजमध्ये, गालिच्यावर चादरी, तळघरात मुलं आणि पिझ्झा. शेजारी गोरे आजी-आजोबा येतात, शेवटपर्यंत बसतात, आणि जाताना तानपुऱ्याकडे बोट दाखवून विचारतात की हा भोपळा खरा आहे का.

---

फोंडेकार

खरा भोपळाच! 😀

गोव्याकडचं कोणी लिहिलं नाही म्हणून चार ओळी. पणजीला कला अकादमीत सूरश्री केसरबाई केरकर समारोह असतो, तो आम्हा लोकांचा सवाईच म्हणा. पण मला विचाराल तर श्रावणात वास्कोला या. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो. चोवीस तास अखंड भजन, आळीपाळीने. आणि त्या वेळात गावात गाण्याच्या बैठकी. मुंबई-पुण्याचे मोठमोठे गवई येऊन गेलेत. पाऊस वरून कोसळतोय, छत्र्या दारात ठिबकतायत, समोर बाजारातली माणसं, मासळीवाल्या, दुकानदार, शाळकरी पोरं. कोणी तिकीट काढलेलं नाही, आणि तरी अभंगातली एक नाजूक जागा घेतली की मागून कोणीतरी बरोबर दाद देतो. आमच्याकडे देवळांनी कान तयार केलेत. तुमच्या खुर्च्यांच्या पाससंस्कृतीत ते नाही येणार, सॉरी.

---

विलंबित एकताल

@फोंडेकार, हे वाचून श्रावणातलं तिकीट बघायला लागले. मुक्कामाला जागा आत्ताच धरावी लागेल का?

---

फोंडेकार

वास्कोत त्या दिवसांत फेरी (जत्रा) भरते, खोल्या मिळणं कठीण. मडगावला राहा, तिथून बस आहे. नाहीतर आमच्याकडे फोंड्याला या, थोडं लांब पडेल पण खतखतं मिळेल.

---

शिवाजी पार्क कट्टा

झाकीरभाईंबद्दल एवढंच लिहितो. दर ३ फेब्रुवारीला षण्मुखानंदात त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँची बरसी (पुण्यतिथी) असते. पहाटेपासून रात्रीपर्यंत. आम्ही मित्र कॉलेजात असल्यापासून जातो. सकाळी अंधारात सायनला उतरून रांग लावायची. झाकीरभाई दिवसभर तिथेच, विंगेत उभे, नव्या पोरांना ऐकताना स्वतः दाद देणार, कोणाला माइक सरकवून देणार, कोणाच्या शालीची घडी नीट करणार. मागच्या फेब्रुवारीत तर एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतल्या त्यांनी. पण मला आठवतं ते एकदा एका अगदी लहान मुलाचं पखवाज वादन संपल्यावर ते चालत आले आणि त्याचं वाद्य स्वतः उचलून आत घेऊन गेले, ते. यंदा जाणार आहोत. रांग तिथेच लावणार.

---

पायपेटी

मिरजेच्या उरसाबद्दल सविस्तर लिहा ना कोणी. दरवर्षी नुसतं ऐकते.

---

मंद्रसप्तक

@पायपेटी, लिहितो. ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा, मिरज स्टेशनपासून रिक्षाने जवळ. अब्दुल करीम खाँसाहेब इथे हजेरी लावायचे. १९३७ ला मद्रासच्या बाजूला रेल्वे प्रवासात वारले, त्यांना आणलं मिरजेलाच, दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरसाच्या वेळी त्याच आवारात संगीत सभा होते. मानधनावर बोलणी नाहीत, कलाकार हजेरी म्हणून गातात. म्हणून तिथे नावाजलेला आणि कालपरवा तालीम सुरू केलेला एकापाठोपाठ एक बसतात, आणि कोणी कोणाला मोठं-लहान करत नाही. गर्दी, उदबत्तीचा धूर, मधूनच फुग्यांच्या गाड्यांची पिपाणी. शांतता शोधायला जाऊ नका.

दिवसा मात्र तानपुरे करणाऱ्यांची गल्ली पाहा. २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूरकडचे. दुकानांत छताला टांगून वाळत ठेवलेले असतात, कापल्यावर कडा नखाने वाजवून बघतात. एका कारागिरांना मी वाड्यातली पिवळ्या दोऱ्याची गोष्ट सांगितली. म्हणाले, रेशीम वापरायला सांगा त्यांना, शिवणाचा दोरा घामाने फुगतो.

---

फेडरवाला

रेशमाला अनुमोदन. मी खिशात ठेवतो.

---

पायपेटी

धन्यवाद! आणि या घरच्या बैठकांना प्रवेश कसा मिळतो? ओळख लागते का?

---

मंद्रसप्तक

लागते, पण फार नाही. कुठल्याही गाण्याच्या क्लासच्या बाईंना विचारा, त्या व्हॉट्सअ‍ॅप गटात घालतील. निरोप दोन दिवस आधी येतो. दाराशी एक पाकिटांचा डबा असतो, ऐपतीप्रमाणे घालायचं. सगळं कलाकारांना जातं. मध्यंतरात खाणं असतं, ताटली स्वतः विसळायची.

या शनिवारी ११ ला एक आहे, नारायण पेठेत, रात्री साडेआठ. गाणं आग्रा घराण्याचं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता पाठवतो. @विलंबित एकताल, परतीची जागा धरून ठेवलीय.

---

रमणबाग रिटर्न्ड

मीही येतो. खुर्ची आहे का हो? गुडघे.

---

मंद्रसप्तक

दोनच आहेत. आठला या.